कोकोचा माग काढत घाना

सोनू, तुझी प्रकल्पवही पाहिली. भूगोल, शासन, अर्थव्यवस्था, संस्कृती असे चार भाग छान आखलेस, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. राजधानी अक्रा, चलन सेडी, स्वातंत्र्य ६ मार्च १९५७, हे सगळ्यांच्याच वहीत असणार. ताईचं ऐकशील तर एकच गोष्ट धर आणि तिचा माग काढत जा. घानासाठी मी कोको धरेन.

हे झाड मूळचं तिथलं नाहीच, दक्षिण अमेरिकेतलं. टेटे क्वार्शी यांनी १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या, असं घानात सांगतात. दक्षिणेच्या दमट जंगलपट्ट्यात ते रुजलं. उत्तरेकडे तामालेच्या बाजूला पाऊस कमी, माळरान, तिथे कोको नाही, शिआची झाडं. झाला की नाही भूगोल? कोकोचं फळ फणसासारखं थेट खोडालाच लागतं. ते फोडायचं, पांढऱ्या गरासकट बिया केळीच्या पानांत झाकून काही दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. हे चित्र तू स्वतः काढ, कुठून तरी छापून चिकटवू नकोस.

आता विचार, शेतकऱ्याला भाव कोण ठरवून देतं? तिथलं सरकारी कोको मंडळ. त्याची सुरुवात १९४७ ची, म्हणजे इंग्रजांच्या काळातली. इथे अर्थव्यवस्था आणि शासन एकाच पानावर येतात. आणि जमीन कुणाची? बऱ्याच ठिकाणी ती परंपरागत प्रमुखांच्या गादीची. १९९२ च्या राज्यघटनेने ही प्रमुखपदं राखली, पण प्रमुखांना पक्षीय राजकारणात भाग घ्यायला मनाई केली. घानातल्याच असांते लोकांच्या गादीवर, म्हणजे सुवर्णासनावर, तर खुद्द राजाही बसत नाही, कारण त्यात साऱ्या समाजाचा आत्मा आहे अशी त्यांची श्रद्धा. इंग्रज गव्हर्नरने ते मागितलं, तेव्हा १९०० मध्ये ‘या असांतेवा’ नावाच्या राणीमातेने युद्ध पुकारलं. तिच्यासाठी वहीत एक अख्खं पान ठेव गं.

एक मात्र सांभाळ. प्राचीन घाना साम्राज्य आजच्या घानात नव्हतंच. ते वायव्येला, आजच्या मॉरिटानिया-मालीच्या भागात होतं. आजच्या देशाचं आधीचं नाव गोल्ड कोस्ट. इथे भले भले घसरतात.

आणि पहिल्या पानावरचं ‘आफ्रिकेत असं असतं’ हे वाक्य आधी खोड. घानात, त्यातही असांते भागात असं असतं, इतकं नेमकं लिही.