शेतकऱ्याचा फोन : कांहीं व्यवहारोपयोगी सूचना

पंप किंवा मळणीयंत्र विकत घ्यावयाचें झालें म्हणजे त्याची निगा कशी राखावी व तें कसें चालवावें, हें शेतकरी दुकानांतच विचारून घेतो. फोन मात्र अशी कोणतीही विचारपूस न होतां घरांत येतो, मुलांच्या हातीं जातो आणि तेथेंच राहतो. सांप्रत सातबाऱ्याचा उतारा, पीकपाहणी, अनुदानाचा हप्ता, बँकेचें खातें व हवामानाचा इशारा हीं सर्व कामें या एकाच अवजारांतून होऊं लागलीं आहेत. तेव्हां इतर अवजारांप्रमाणेंच याचाही विचार येथें केला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

ठाणें जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष निकडीची आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर वेगळा झाल्यावर या जिल्ह्यांत ठाणें, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर व मुरबाड हे सात तालुके राहिले. त्यांपैकीं शहापूर-मुरबाडकडे अद्याप भातशेती टिकून आहे. कल्याण-भिवंडीकडे मात्र खाचराच्या बांधास लागून गोदामें उभीं राहिलीं आहेत. नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें भिवंडी तालुक्यांतील आमणें येथपर्यंत खुला झाला. बडोद्याकडील महामार्ग व अहमदाबादची वेगवान आगगाडी यांकरितांही या बाजूच्या जमिनी गेल्या आहेत. ज्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या विक्रीवर वर्ष निघे, त्या घरच्या खात्यांत मोबदल्याची मोठी रक्कम एका दिवसांत जमा होते, आणि त्या खात्याची किल्ली खिशांतील फोनांत असते. चोरास हें पक्कें ठाऊक आहे. घरधन्यास तें तितकें ठाऊक असतेंच असें नाहीं.

यास्तव पहिली गोष्ट फोनच्या नंबराची. बँकेस दिलेला व आधारशीं जोडलेला नंबर स्वतःच्या नांवावरील सिमचा असावा. पुष्कळ घरीं तो भाच्याचा, शेजाऱ्याचा, किंवा ज्या दुकानीं अर्ज भरला त्या दुकानदाराचा असतो. पुढें ओटीपी त्याच्याकडे जातो व आपल्या कामासाठीं आपणांसच त्याच्या मागें फिरावें लागतें. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषिखात्याच्या योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला, आणि तो काढण्याचें काम आधारच्या नंबरावर येणाऱ्या ओटीपीशिवाय अडतें. आणखी असें कीं, सिम सलग ९० दिवस मुळींच वापरांत आलें नाहीं तर कंपनी तें बंद करूं शकते, व कालांतरानें तोच नंबर दुसऱ्या कोणास मिळतो. म्हणून घरांत पडून असलेल्या जुन्या सिमवर बँकेचें खातें असेल तर त्यावरून अधूनमधून बोलावें व रिचार्ज चुकूं देऊं नये, किंवा बँकेंत जाऊन नंबर तरी बदलून घ्यावा.

आतां सातबाऱ्याकडे वळूं. महाभूलेखाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गांव व गट नंबर भरला असतां उतारा फुकट पाहतां येतो; परंतु तो केवळ माहितीपुरता असतो. कर्जास किंवा कचेरींत दाखल करण्यास डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. तो महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो, व त्यावर तलाठ्याच्या सहीची गरज राहत नाहीं. दुसऱ्याचा असा उतारा आपल्या हातीं आला, म्हणजे जमीन घेतांना किंवा बटाईनें करतांना, त्यावरील पडताळणी क्रमांक त्याच संकेतस्थळावर भरून पाहावा. छापलेला कागद कोणासही हवा तसा बनवितां येतो. संकेतस्थळावरील प्रत तशी बनवितां येत नाहीं.

परंतु उतारा काढण्यापेक्षांही अधिक महत्त्वाची अशी एक सोय आहे, आणि तिच्याकडे आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांचें लक्ष गेलें असेल. तिचें नांव ‘आपली चावडी’. जमिनीच्या हक्कांत बदल व्हावयाचा असला म्हणजे तलाठी फेरफाराची नोंद धरतो व हरकती मागविणारी नोटीस चावडीवर लावतो, ही जुनी रीत आपणांस माहीत आहेच. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणें हरकतीस १५ दिवसांची मुदत असते. चावडीवरचा कागद पावसांत भिजे, वाऱ्यानें उडे, आणि डोंबिवलीस नोकरीनिमित्त राहणाऱ्या भागीदाराच्या तर तो दृष्टीसही पडत नसे. हीच नोटीस आतां महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ या सदरांत दिसते. गांव निवडलें कीं त्या गांवीं प्रलंबित असलेल्या फेरफारांचे क्रमांक, प्रकार, गट नंबर व हरकतीची शेवटची तारीख समोर येते. ज्याची जमीन शहराच्या कडेस आहे, ज्याच्या खात्यांत बहिणी-चुलत्यांचीं नांवें आहेत, किंवा जो गांवापासून दूर राहतो, त्यानें दर महिन्याच्या १ व १५ तारखेस हें पान पाहण्याचा नेम ठेवावा. पांच मिनिटांचें काम आहे. पंधरा दिवसांच्या मुदतीस पंधरवड्याची फेरी नेहमींच पुरेल असें नाहीं; निकड असेल त्यानें आठवड्यास पाहावें. फोनच्या घड्याळांत गजर लावतां येतो तसाच त्याच्या पंचांगांत पुनःपुन्हां येणारी आठवणही लावतां येते, ती लावावी म्हणजे विसर पडावयाचा नाहीं.

आपल्या गटावर अनोळखी फेरफार दिसला तर पडद्याचें चित्र तत्काळ काढून ठेवावें. बहुतेक फोनांत बटणाची कळ व आवाज कमी करण्याची कळ एकदम दाबली म्हणजे तें निघतें. मग हरकत लेखी द्यावी व तिची लेखी पोच घ्यावी. तलाठ्यानें हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहींत लिहून पोच द्यावयाची आहे असें कायदाच सांगतो. तोंडी सांगून परत येणें म्हणजे न जाण्यासारखेंच आहे.

पीकपाहणीचें काम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याच्या हातीं देण्यांत आलें. गांव नमुना बारावर पीक लागलें नाहीं तर शेत पड दिसतें, आणि नुकसानीच्या वेळीं, धान्यखरेदीच्या वेळीं किंवा पीककर्जाच्या वेळीं त्याचा त्रास होतो. हें काम गणपतीस घरीं येणाऱ्या मुलांवर टाकण्याची चाल पडली आहे. ती वाईट नाहीं, पण मुदत दर हंगामास स्वतंत्र जाहीर होते व शेवटच्या दिवसांत सर्व राज्याचा भार एकाच वेळीं येऊन ॲप मंदावतें. म्हणून मुदत उघडतांच पहिल्या उघडिपीस काम उरकावें. शेतावर जाण्यापूर्वीं घरींच, जेथें रेंज चांगली आहे तेथें, ॲप अद्ययावत करून आपलें खातें व गट त्यांत उतरवून घ्यावे. फोनमधील स्थान दाखविणारी खूण चालू करावी. उपग्रहाकडून स्थान कळण्यास मोबाईलच्या रेंजेची गरज नसते. मात्र वर आकाश मोकळें पाहिजे, त्यामुळें आंब्याखालीं किंवा मांडवांत उभें राहून छायाचित्र घेऊं नये. गटाच्या आंत, शक्य तों मधोमध उभें राहून पीक ओळखूं येईल असें छायाचित्र काढावें. माळशेजच्या पायथ्याच्या गांवीं रेंज नसली तरी नोंद फोनांत राहते, पण ती वर चढविल्याशिवाय पुरी होत नाहीं. रेंजेंत आल्यावर ती चढली कीं नाहीं हें पाहणें विसरूं नये. नोंदींत कांहीं चुकलें असें वाटल्यास ४८ तासांच्या आंत दुरुस्ती करतां येते.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. फोनवर शेताभोंवतीं फिरून क्षेत्र मोजणारीं ॲपें निघालीं आहेत व तीं बरींच लोकप्रिय आहेत. मोठ्या माळरानास तीं अंदाजापुरतीं चालतील. आमच्या खाचरांस तीं चालत नाहींत. दोन गुंठ्यांचें चौरस खाचर घेतलें तर त्याची बाजू सुमारें १४ मीटर भरते. फोनच्या स्थानांत तीन-चार मीटरांचा फरक सहज पडतो, आणि एका बाजूस ३ मीटर कमी धरले तर खाचराचा पंचमांश कागदावरून नाहींसा होतो. बांधाच्या वादांत असलें मोजमाप पुढें करून शेजाऱ्याशीं वैर घेऊं नये. त्यासाठीं भूमि अभिलेखाची मोजणीच मागवावी.

फसवणुकीचे प्रकार रोज नवे निघतात, तथापि त्यांचे कणे थोडेच आहेत. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या, वीजबिलाच्या किंवा वाहनदंडाच्या नांवें फाइल येते व तिच्या नांवाच्या शेवटीं ‘एपीके’ हीं अक्षरें असतात. ती उघडून बसविली कीं परका मनुष्य आपले संदेश वाचूं लागतो. सरकारी ॲप व्हॉट्सॲपवरून कधीं घेऊं नये. तें प्ले स्टोअरमधून किंवा खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावें. ओळखीच्या मनुष्याकडून फाइल आली म्हणून ती सुरक्षित ठरत नाहीं, कारण ज्याचा फोन आधीं बिघडला त्याच्याच नांवानें ती सर्व नातलगांस जाते. दुसरा प्रकार पैसे ‘मिळण्या’साठीं पिन मागण्याचा. यूपीआयचा पिन केवळ पैसे देण्यास किंवा शिल्लक पाहण्यास लागतो. घेण्यास तो कधींच लागत नाहीं. भात, भाजी किंवा बैल विकणाऱ्यास कोणी पिन घालावयास सांगेल तर सौदा तेथेंच मोडावा.

तिसरा प्रकार जमीनधारकांस विशेष लागू आहे. आधारच्या आधारें नुसत्या अंगठ्यानें बँकेंतून पैसे काढतां येतात. त्यास पिनही लागत नाहीं, ओटीपीही लागत नाहीं. तेलंगणांत २०१८ सालीं जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठशांवरून बनावट ठसे करून सिमकार्डें चालू केल्याचें उघडकीस आलें होतें. ज्यानें दस्त केले आहेत त्याचा अंगठा कागदावर आहे, हें विसरतां येत नाहीं. उपाय सोपा आहे : आधारच्या अधिकृत ॲपमध्यें किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक कुलूप लावावें, व काम असेल तेव्हांच घटकाभर उघडावें. तसेंच जेथें आधारची प्रत केवळ ओळखीसाठीं द्यावयाची आहे तेथें शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत द्यावी.

इतकें करूनही पैसे गेलेच, तर लाजेनें घरीं बसूं नये. फोनचें इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० या क्रमांकास व आपल्या बँकेस लगेच कळवावें. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्यापूर्वीं ते अडविण्याची यंत्रणा या क्रमांकामागें आहे, म्हणून पहिल्या तासाची किंमत मोठी असते. सकाळपर्यंत थांबून घरांत विचारविनिमय करीत बसण्याची ही वेळ नव्हे.

पावसाळ्यांतील निगेविषयीं थोडें. लावणीच्या वेळीं फोन भिजला तर तो तांदळाच्या डब्यांत पुरण्याचा उपाय सर्वत्र सांगतात. तो भात पिकविणाऱ्यांनीं तरी करूं नये, कारण तांदळाचा कोंडा व कण्या फोनच्या भोंकांत जातात हें आपण इतरांपेक्षां चांगलें जाणतों. ॲपल कंपनीनेंही २०२४ सालीं आपल्या फोनांबद्दल हाच मनाईचा सल्ला दिला. फोन बंद करून पुसावा, भोंक खालीं करून हलकेच झटकावा व हवेशीर जागीं पुरता वाळूं द्यावा. वाळेपर्यंत चार्जिंगला लावूं नये. उन्हांत किंवा चुलीजवळही ठेवूं नये, कारण बॅटरीचें आयुष्य उष्णतेनें घटतें. बॅटरी पार उतरूं न देतां पांचव्या हिश्श्यावर आली कीं भरावी.

हवामानासाठीं दोन ॲपें ठेवण्याजोगीं आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचें ‘दामिनी’ हें २० व ४० किलोमीटरांच्या आंतील विजेची सूचना देतें. भात कापणीच्या दिवसांत दुपारनंतर गडगडूं लागलें कीं तें पाहावें. २०१९ सालचें ‘मेघदूत’ हें मंगळवारीं व शुक्रवारीं जिल्ह्यापुरता शेतीचा सल्ला देतें. फवारणीचा दिवस ठरवितांना त्याचा उपयोग होतो.

मराठी लिहितां येत नाहीं म्हणून अनेक वडील मंडळी फोनपासून दूर राहतात. त्यांनीं कळफलकावरील ध्वनिवर्धकाची खूण दाबून मराठींत बोलावें. अक्षरें आपोआप उमटतात. गांवांचीं नांवें व आंकडे मात्र वाचून पाहावे. आणि सेतु किंवा महा-ई-सेवा केंद्रांतील संगणकावर काम झालें म्हणजे आपला कागद ‘डाउनलोड्स’ या कप्प्यांतून आपल्यासमोर पुसावयास लावावा, आणि व्हॉट्सॲप त्या संगणकास जोडलें असेल तर फोनमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या सदरांतून तें तोडावें. लाभार्थ्यांच्या शेंकडों नांवांच्या यादींत आपलें नांव शोधण्यासाठीं पानें चाळण्याचें कारण नाहीं : कंट्रोल व एफ या कळा एकदम दाबून नांव लिहिलें कीं तें सांपडतें. न सांपडल्यास आडनांव इंग्रजींत लिहून पाहावें, कारण कित्येक याद्या त्याच लिपींत असतात.

शेवटीं फोन हरवला तर काय करावें, याची तयारी तो हातांत असतांनाच करावी. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असें दाबलें असतां आयएमईआय नांवाचा १५ अंकी क्रमांक दिसतो. दोन सिमांच्या फोनास तो दोनदां असतो. तो कापणीच्या हिशेबाच्या वहींत लिहून ठेवावा. कल्याण स्थानकाच्या गर्दींत फोन गेला तर प्रथम सिम बंद करवावें, पोलिसांत तक्रार द्यावी, नव्या सिमवर तोच नंबर घ्यावा, आणि २०२३ सालीं सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो क्रमांक व तक्रारीची प्रत देऊन फोन अडवावा. मग तो फोन देशांतील कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाहीं. सांपडल्यास त्याच ठिकाणीं तो पुनः मोकळा करतां येतो, त्याकरितां विनंतीचा क्रमांक जपून ठेवावा.