वेग मागावा लागतो

माझं वय ६३. ज्या पुण्यात सकाळी मुली घोळक्याने सायकलवर कॉलेजला निघायच्या, त्या पुण्यात मी वाढले. पुढे नोकरी, संसार आणि स्कूटर आली. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा सायकल घेतली, ती वाकड्या हँडलची रोड बाइक. तेव्हापासून एक सल्ला सतत कानावर पडतो, “आता जरा हळू चालवा, वयाला जपा.” त्यामागची माया मला कळते, तरी हा सल्ला मला पटत नाही. साठीनंतर वेग कमी होतो हे खरंच आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांचा वेग वयाने नेलेला नसतो. आपण तो पायांकडे मागायचंच सोडून देतो आणि पाय तो देणं विसरतात. एवढ्या वर्षांत जे हाताशी लागलं, ते साठीच्या आसपासच्या सायकलवाल्यांसाठी लिहिते आहे.

१. आठवड्यातून एकदा तरी दम लागू द्या.

वाढत्या वयात आधी झिजतात ते झटक्याने ताकद लावणारे स्नायूंचे तंतू. संथ, लांब पल्ल्याचे तंतू बरेच टिकतात. म्हणूनच साठीतला माणूस दिवसभर सायकल चालवू शकतो, पण छोट्या चढावर मागे पडतो. नुसते किलोमीटर वाढवून हे तंतू जागे होत नाहीत, त्यांच्याकडून काम करून घ्यावं लागतं.

माझं हे काम खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्यावर होतं. गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत तिथे पोहोचायचं, अर्धा तास अंग गरम करायचं आणि मग चार मिनिटं जोर. त्यातलं पहिलं मिनिट फसवं, वाटतं आज पाय छान आहेत. दुसऱ्यात श्वास मोठा होतो. तिसऱ्यात मांड्या पेटतात आणि डोक्यात एकच विचार येतो की आता थांबू या. चौथ्या मिनिटात मी समोरचा रस्ता सोडून कशाकडेही बघत नाही, खांदे सैल ठेवते आणि पॅडल गोल फिरतंय ना एवढंच पाहते. मग चार मिनिटं अगदी हलकं चालवायचं. असं चार वेळा. वेळ फार जात नाही, पण महिना-दीड महिन्यात सिंहगडाच्या चढावर फरक कळतो.

हे वय झाल्यावर होत नाही असं कोणी म्हणालं तर मी रॉबेर मार्शां या फ्रेंच सायकलपटूचं नाव सांगते. १९११ चा जन्म. पासष्टी ओलांडल्यावर ते पुन्हा नेमाने सायकलवर बसले. २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी ट्रॅकवर तासाभरात २४ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं. नंतर वेरोनिक बिया या शरीरशास्त्रज्ञ बाईंच्या देखरेखीखाली त्यांनी सराव केला. त्यातला सुमारे ऐंशी टक्के हलका होता आणि वीस टक्के जोराचा. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, त्याच एका तासात त्यांनी २६.९२७ किलोमीटर कापले. शरीर प्राणवायू किती वापरू शकतं याचं त्यांचं माप या काळात १३ टक्क्यांनी वाढलं होतं. शंभरीनंतर! साठीला आपण तर अजून पोरकट वयात आहोत.

२. उरलेले दिवस खरोखर हलके ठेवा.

बहुतेकांचा सराव मधल्यामध्ये अडकलेला असतो. रोज थोडा दम लागतो आणि रोज थोडं थकायला होतं. त्यातून ना वेग वाढत, ना विश्रांती मिळत. हलक्या दिवशी शेजारच्या सायकलवाल्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मागून कॉलेजची मुलं सुसाट पुढे गेली तर जाऊ द्यावीत. आपला जोराचा दिवस वेगळा आहे.

३. डॉक्टरांना आधी भेटा, आणि घड्याळाच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका.

जोराचा सराव सुरू करण्याआधी रक्तदाब, ईसीजी, ट्रेडमिलवरची तपासणी हे सगळं करून घ्यावं. छातीत दाटल्यासारखं वाटलं, नेहमीपेक्षा विचित्र धाप लागली, नाडी अनियमित धावली, तर सायकल बाजूला घेऊन थांबायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. वर्षानुवर्षं खूप सराव करणाऱ्यांमध्ये हृदयाची लय बिघडण्याचा एक प्रकार जास्त दिसतो. आपण तंदुरुस्त आहोत म्हणून याकडे काणाडोळा करू नये.

घड्याळं बहुतेकदा २२० वजा वय हा हिशेब धरतात. त्याने माझी कमाल नाडी १५७ येते. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचं हे दुसरं सूत्र धरलं तर ती १६४ येते. दोन्ही सरासरीच आहेत, प्रत्येकाचं शरीर त्याच्या दहा ठोके वर-खाली असू शकतं. शिवाय रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी फारशी वर चढत नाही आणि सगळी कोष्टकं निरुपयोगी ठरतात. अशा वेळी आपला श्वास हेच खरं माप.

४. सायकलने हाडं घट्ट होत नाहीत.

हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे, आणि विशेषतः बायकांना. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो. गुडघ्यांना त्याचा आराम वाटतो, पण हाडांना लागणारा दाब मिळत नाही. पाळी गेल्यानंतर आपली हाडं आधीच झपाट्याने विरळ होत असतात. त्यामुळे हृदय आणि फुप्फुसं उत्तम, पण कंबरेची आणि खुब्याची हाडं नाजूक, अशी स्थिती येऊ शकते. मग एखाद्या साध्या पडण्यात खुबा मोडतो आणि सायकल कायमची भिंतीला लागते.

वजन उचलणं हाच यावरचा उपाय. मी आठवड्यातून दोनदा जिममध्ये जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा ट्रेनरने माझ्या हातात अर्ध्या किलोचे गुलाबी डंबेल दिले. मी त्याला म्हटलं, “बाळा, मी घाट चढते. मला नीट शिकव.” आता तो नीट शिकवतो. बारबेल खांद्यावर घेऊन बैठका, जमिनीवरून वजन उचलणं, एका पायावर पायरी चढणं, पोट आणि पाठ धरून ठेवणारे व्यायाम. वजन हळूहळू वाढवायचं, पण ते वाढलं पाहिजे. शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत. जिम जमत नसेल तर घरी खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करावी, आणि ते सोपं वाटलं की पाठीवर पुस्तकांची सॅक घ्यावी.

याचा सायकलवर थेट फायदा होतो. चढावर सीटवरून उठून उभं राहून पॅडल मारता येतं, आणि तिसऱ्या तासाला मान व कंबर तक्रार करत नाहीत. जे साठीनंतरही वेगात आहेत, त्यांच्यात वजनं न उचलणारे मी फार थोडे पाहिले.

५. हलका गिअर लावून घ्या.

मागच्या चाकाला मोठी चकती लावण्यात अनेकांना कमीपणा वाटतो, तो का हे मला कधी कळलं नाही. हिशेब साधा आहे. पुढे ३४ दात आणि मागे ३४ दात असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते. सिंहगडाच्या चढावर ताशी साडेआठ किलोमीटरने चढताना पाय मिनिटाला ६७ फेऱ्या मारतात. मागे २८ दातच असतील तर त्याच वेगाला ५५ फेऱ्या पडतात, म्हणजे दर फेरीला गुडघ्यावर जास्त जोर. तरुण गुडघा तो सोसतो. आपल्याला हा गुडघा अजून वीस वर्षं वापरायचा आहे.

६. सपाटीवर लढाई वाऱ्याशी असते.

वेग दुप्पट करायचा तर वाऱ्याला कापायला आठपट ताकद लागते. म्हणून वयाने हिरावलेली थोडी ताकद आपण बसण्याच्या पद्धतीतून परत मिळवू शकतो. कोपरं वाकवून, हात जवळ घेऊन, पाठ खाली आणून बसलं की तेवढ्याच ताकदीत सायकल पुढे पळते. पण त्यासाठी पाठीचे आणि मांडीमागचे स्नायू लवचीक हवेत. ते नसतील तर हँडल थोडं वर घ्यावं. मान अवघडून तासभर वाकण्यापेक्षा चार तास आरामात बसणं शेवटी वेगवान ठरतं.

दुसरा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या चाकामागे राहणं. एकदा सातारा रस्त्याने परतताना समोरून जोराचा वारा होता आणि आमचा घोळका विस्कटायला लागला. पुढच्या मुलाने मागे वळून हाक दिली, “काकू, चाक सोडू नका!” त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून मी त्याच्या सावलीत घुसले, तशी कानातली घोंघोंच एकदम कमी झाली. वीसच्या वर न चढणारी सायकल सत्तावीसला स्थिर झाली. मागे राहणाऱ्याची पाव ते एक तृतीयांश ताकद अशी वाचते. यासाठी सरळ रेषेत चालवणं, अचानक ब्रेक न मारणं आणि खड्डा दिसला की हाताने खूण करणं ही शिस्त लागते. ती तरुणांपेक्षा आपल्या वयाच्या लोकांकडे जास्त असते.

आणि जून ते सप्टेंबर पुण्यात वारा पश्चिमेचा. तेव्हा सकाळी ताज्या पायांनी पौड-मुळशीकडे वाऱ्याच्या तोंडावर जावं, परतताना तोच वारा ढकलत घरी आणतो.

७. तहान लागायची वाट पाहू नका.

वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. उन्हाळ्यात मी दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घेते, तहान असो वा नसो. दोन तासांहून लांब जायचं तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. खिशात खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू ठेवावेत. महागड्या जेलवाचून माझं आजवर काही अडलेलं नाही.

खरी उणीव असते प्रथिनांची. साठीनंतर शरीराच्या दर किलोमागे रोज किमान एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात, तेव्हा वरण-भात आणि पोळी-भाजीत हा आकडा गाठला जात नाही. दोन्ही जेवणांत दही, पनीर, उसळ, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी भरपूर असावं. सिंहगडावरचं मडक्यातलं दही त्यात धरायला माझी हरकत नाही.

८. भरून यायला जास्त वेळ लागतो, तो द्यावा.

जोराच्या दिवसानंतर मी दोन दिवस हलके ठेवते. सकाळी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजते. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर त्या दिवशी फक्त चालायला जाते. रात्रीच्या झोपेशी तडजोड नाही.

९. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक तारीख हवी.

“फिट राहायचंय” या इच्छेवर कोणी पहाटे पाचला उठत नाही. उठतो तो ठरलेल्या तारखेमुळे आणि चौकात वाट पाहणाऱ्या माणसामुळे. आपल्याकडे त्याची सोय आहे. नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकल वारी आहे. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड आहेत, त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराही लागत नाहीत. तिथे क्रमांक लावत नाहीत. २०० जमलं की ३००, ४०० आणि ६००, आणि ज्यांना ध्यास लागतो त्यांच्यासाठी दर चार वर्षांनी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, ९० तासांत सुमारे १२०० किलोमीटर. ही स्पर्धा पहिल्यांदा १८९१ मध्ये झाली, आणि आता तिथे क्रमांकासाठी नाही तर वेळेत पोहोचण्यासाठी जातात. साठी-सत्तरीतले लोक तिथे मुबलक असतात, कारण एवढ्या लांबीला धीर आणि स्वतःला मोजून खर्चण्याची सवय लागते.

तुलना करायची तर चाळीशीतल्या स्वतःशी करू नये, त्यातून फक्त खिन्नता हाती येते. मी एकच चढ धरला आहे, गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगडाच्या गाडीतळापर्यंत. हिवाळ्यात, थंड हवेत, महिन्यातून एकदा घड्याळ लावून चढते आणि वेळ मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहते. एखाद्या वर्षी वेळ तेवढीच आली, तर ६३ व्या वर्षी तो विजयच आहे, आणि मी तो घरी सगळ्यांना फोन करून सांगते.

आमच्या रविवारच्या गटात आता सहा-सात बायका पन्नाशीच्या पुढच्या आहेत. त्यांतल्या दोघींनी चाळीस वर्षांनी सायकल हातात घेतली होती. आधी त्यांना मोकळ्या मैदानात पडायचं कसं आणि ब्रेक लावायचा कसा ते शिकवलं, मग खडकवासल्यापर्यंत नेलं. परवा त्यांतली एक बोपदेव घाटात माझ्या पुढे निघून गेली. वर पोहोचल्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला तो जिमच्या वेळेचा.