आधी कारागीर, मग खडा

भाची : मामा, अंगठीसाठी तयार हिरा न घेता कच्चा खडा घ्यावा आणि तो मनासारखा घडवून घ्यावा, असे ठरवते आहे. खडा कोठे मिळेल तेवढे सांगा.

मामा : आधी कारागीर ठरव, मग खडा शोध. कच्चा खडा घेणारा माणूस खरे पाहता एक तर्क विकत घेत असतो. आत काय दडले आहे आणि त्यातून काय निघेल हा तो तर्क, आणि तो बांधण्याचा अधिकार ज्याने उभे आयुष्य हिरे घासण्याच्या चाकापुढे बसून घालविले त्याचाच.

भाची : पण खडा डोळ्यांसमोर असतो, वजन काट्यावर दिसते. त्यात तर्क कसला?

मामा : जे वजन दिसते ते राहत नाही. अगदी सुबक अष्टफलकी खडा मिळाला, तर तो चिरून दोन गोल हिरे काढतात, आणि तरीही मूळ वजनाच्या निम्मे हाती आले तर कारागीर समाधान मानतो. चपट्या त्रिकोणी खड्यातून गोल हिऱ्याचा हट्ट धरशील, तर बहुतेक माल भुकटीत जाईल. लांबट खड्याला लंबगोल किंवा थेंबाचा घाटच मानवतो. घाट आधी ठरवून बाजारात जाणे म्हणूनच चुकीचे.

भाची : निम्मे! म्हणजे दोन कॅरेटचे पैसे मोजायचे आणि एक कॅरेट घरी आणायचे? उरलेले जाते कोठे?

मामा : भुकटीत. हिरा हिऱ्यानेच घासला जातो. बिडाच्या चाकावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावायची आणि ज्या दिशेने खडा नमतो ती दिशा शोधीत एकेक पैलू उतरवायचा. पण वजनाच्या लोभाने या विद्येचे फार नुकसान केले आहे. तॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे, की बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने मोगलांचा एक थोर हिरा घासला तेव्हा 900 रत्तींचा खडा 319½ रत्तींवर आला, आणि मजुरी तर राहिलीच, उलट त्याला दहा हजार रुपये दंड झाला. तॅव्हर्नियेच्या मतेही तो कारागीर निष्णात नव्हता. पण आपल्याकडे घट म्हणजे अपराध हीच समजूत रूढ होती. आपला नाशिकचा हिरा पाहा. त्र्यंबकेश्वरी होता, 1818 साली पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. नव्वद कॅरेटच्या आसपासचा तो हिरा पुन्हा पुन्हा घासला जाऊन 1940 साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने 43.38 कॅरेटवर आणला. तो परक्या हाती गेला याचे मला अजून दुःख आहे. वजन घटले याचे नाही.

भाची : दुःख नाही? अर्धा हिरा गेला की!

मामा : उजेड आला की! हिऱ्यात शिरलेला किरण तळाच्या पैलूंवर आपटून वर परतला, तरच तो झळाळतो. त्यासाठी तळाचा कोन 41 अंशांच्या जवळपास हवा, हे गणित मार्सेल टोल्कोव्स्कीने 1919 साली मांडले. वजन राखण्यासाठी तळ खोल ठेवला, तर मध्यभागी काळोख दिसतो. तळ उथळ राहिला, तर किरण खालून निसटतो.

भाची : ते पटले. पण कारागिराने एखादा तुकडा ठेवून घेतला, तर मला कळणार कसे?

मामा : पुन्हा तेथेच आलीस! तरी शंका रास्त आहे. खडा देतानाचे वजन, कोठे चिरणार त्याचा आराखडा, दुसरा तुकडा कोणाचा, आणि चाकावर खडा फुटला तर नुकसान कोणी सोसायचे, हे सारे करारनाम्यात लिहून घे. प्रामाणिक कारागीर हरकत घेणार नाही. पण त्याची दशाही पाहा. सुरतेत जगातले बहुतेक हिरे घासले जातात. प्रमाणपत्रावर प्रयोगशाळेचे नाव, डबीवर सराफाचे, आणि ज्याने डोळे झिजविले त्याचे नाव कोठेच नाही. नगावर मजुरी घेणाऱ्या त्या माणसावर चोरीचा संशय मात्र सर्वांचा! मला याचा फार संताप येतो.

भाची : बरे, मग खडा कोठून आणू?

मामा : मध्य प्रदेशात पन्ना येथे उथळ खाणींचे लहान तुकडे पट्ट्याने देतात; सापडलेला खडा तिथल्या हिरा कार्यालयात जमा होतो, त्याची पारख होते आणि जाहीर लिलाव होतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बाजारात कच्चा माल पुडक्याने विकला जातो, सुटा खडा ओळखीच्या व्यापाऱ्याकडूनच मिळेल. परदेशी कच्च्या मालाला 2003 पासून किंबर्ली प्रमाणपत्र, म्हणजे तो यादवीला पैसा पुरविणारा माल नसल्याचा दाखला, लागतो, तेव्हा आयातीचे दप्तर पाहा. प्रयोगशाळेत वाढविलेला खडा डोळ्यांनी ओळखू येईलच असे नाही, त्याची तपासणी यंत्राने करून घे.

भाची : तेवढे करीन. पण निम्मे वजन जाणार, तर तयार हिऱ्यापेक्षा हा स्वस्त पडेल का?

मामा : खड्याची किंमत, मजुरी आणि फुटीची जोखीम एकत्र करून अपेक्षित तयार वजनाने भाग, आणि तो आकडा तयार हिऱ्याच्या भावाशेजारी ठेव. घडवलेला हिरा स्वस्त पडेल अशी आशा धरू नकोस. घडविण्याची हौस असेल तरच या वाटेने जा. चिरण्यापूर्वी खड्याला लहानशी खिडकी घासून आत भिंगाने पाहू द्यायला सांग. खरबरीत सालीखाली डाग लपलेले असतात.

भाची : आणि इतके करूनही तो एक कॅरेटला थोडा कमी भरला तर?

मामा : 0.97 भरला आणि उजेड पुरा असला, तर तसाच घे. पूर्ण एक कॅरेटला कॅरेटमागे भाव चढा मिळतो, म्हणून पुष्कळ जण मधली कड जाड राखतात; तू कारागिराला तसे करावयास सांगू नकोस.