रायफल तीच, लॉट वेगळा

प्रश्न : मुलगी ५० मीटर रायफल प्रकारात खेळते. परदेशात नेमबाज काडतुसे स्वतः भरतात, असे ऐकले. आपण तसे करावे का? चांगली काडतुसे कशी निवडावीत? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : त्या फंदात पडू नका. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. शिवाय .२२चे रिमफायर काडतूस पुन्हा भरण्याजोगे नसतेच. तुमच्या हाती आहे ती लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांची, पारख. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो आणि प्रत्येक नळीची आवड निराळी.

प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रायफल शिकंज्यात पक्की बसवा. लॉट बदलला की आधी काही गोळ्या वाया घालवा, म्हणजे नळीत नव्या गोळीचे वंगण बसेल. मग दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन गट झाडा. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांचे बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे ५.६ मिलिमीटर, वजा करा. एखाद्या देखण्या गटावर भाळू नका, सरासरी पाहा. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत कांस्यपदक जिंकले ते ४५१.४ गुणांवर, तिथे दशांशही मोजला जातो.

पसंत पडलेल्या लॉटचा क्रमांक टिपा आणि हंगामापुरता साठा त्याच लॉटचा घ्या, अर्थात परवान्याच्या मर्यादेत.