मोटारीचे दिवे व रस्त्यावरील खडी

मोटारीच्या पुढील दिव्यांस तिचे नेत्र म्हटल्यास वावगें होणार नाहीं. परंतु एका बाबतींत ही उपमा अपुरी पडते. धुळीचा कण येतांच मनुष्याची पापणी आपोआप मिटते. दिव्यास पापणी नसते. समोरून आलेला खडा त्यास उघड्या अंगावर सोसावा लागतो. तेव्हां या दिव्यांस इजा कशी होते व ती कशी टाळावी, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम दिव्याची रचना पाहूं. प्रकाश देणारा भाग, तो प्रकाश पुढें फेंकणारा चकचकीत परावर्तक व सर्वांपुढें पारदर्शक आवरण, अशीं त्याचीं मुख्य अंगें होत. पूर्वीं हें आवरण कांचेचें असे. कांच कठीण खरी, पण ठिसूळ. जोराचा आघात झाला कीं ती तडकते. १९५३ सालीं पॉलिकार्बोनेट नांवाचें बळकट प्लास्टिक तयार झालें, आणि अमेरिकेंत १९८३ सालीं नियम बदलल्यानंतर तेथील मोटारींस अशा आवरणाचे दिवे बसूं लागले. हें प्लास्टिक आघात चांगला सोसतें. मात्र तें मऊ असल्यामुळें त्यावर ओरखडे लवकर पडतात, व सूर्याच्या अतिनील किरणांनीं तें पिवळें पडतें. म्हणून त्यावर पातळ पण कठीण लेप दिलेला असतो. वाळूच्या व खड्यांच्या माऱ्यानें हा लेप झिजला, कीं आवरण धुरकट होतें.

आतां आघाताचें गणित पाहूं. पुढील वाहनाचें चाक खडा उडवितें, व तो आपल्याकडे धावून येतो असें वाटतें. वस्तुतः पुष्कळदां खडा हवेंत नुसता उडालेला असतो, आणि आपली मोटारच त्यावर जाऊन आदळते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ५ ग्रॅम वजनाच्या खड्यावर आपण ताशीं ३६ किलोमीटर वेगानें आदळलों, तर ही ऊर्जा पाव जूल होते; वेग ७२ किलोमीटर केला, तर ती एक जूल, म्हणजे चौपट होते. तसेंच, दीड मीटर उंच उडालेला खडा सुमारें १.१ सेकंदांत जमिनीवर परत येतो. म्हणून पुढील वाहनाच्या मागें तीन सेकंदांचें अंतर राखलें, तर बहुतेक खडे आपण पोहोंचण्यापूर्वींच खालीं पडलेले असतात. वेग कमी व अंतर अधिक, हा बिनखर्चाचा पहिला उपाय होय.

अलास्कांतील डाल्टन महामार्गावर या नियमाचें महत्त्व चांगलें दिसतें. १९७४ सालीं बांधलेला हा ४१४ मैलांचा रस्ता बऱ्याच ठिकाणीं खडीचाच आहे. मोठ्या मालमोटारी तेथें धूळ व दगड उडवीत जातात. म्हणून त्या दिसतांच वेग कमी करून बाजूस व्हावें, व दिवे दिवसाही लावून ठेवावे, असा प्रवाशांस उपदेश केला जातो.

दुसरा उपाय आच्छादनाचा. दिव्यावर जाड, पारदर्शक पॉलियुरेथेनचें पटल चिकटवितां येतें. तें रंगीत मात्र नसावें. तारेची जाळी मोठे दगड अडविते, परंतु कांहीं प्रकाशही अडविते. म्हणून रात्रीं चांगल्या रस्त्यावर ती काढून ठेवणें इष्ट. ज्या रक्षणानें दिव्याचें कार्यच बिघडतें, तें रक्षण कसलें?

स्वच्छतेंतही विवेक हवा. कोरड्या फडक्यानें धूळ पुसल्यास तीच धूळ ओरखडे पाडते. आधीं भरपूर पाणी ओतावें, मग मऊ फडक्यानें पुसावें. प्लास्टिकच्या आवरणास पेट्रोल लावूं नये. आवरणास तडा गेल्यास दुरुस्तीस विलंब करूं नये. कारण तड्यांतून पाणी शिरलें, कीं परावर्तकावरील ॲल्युमिनियमचा मुलामा खराब होतो, प्रकाश विखुरतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

विद्यार्थिमित्रहो, येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. आपल्या दिव्यावर येणारा खडा दुसऱ्याच्या चाकाखालून उडालेला असतो. तसाच आपल्या चाकाखालील खडा मागून येणाऱ्याच्या दिव्यावर जातो. अंधारांत रस्त्याच्या कडेनें चालणाऱ्या पादचाऱ्याचा जीव त्याच दिव्यावर अवलंबून असतो. म्हणून सुट्या खडीवरून सावकाश जाणें व खडीच्या गाडीवर ताडपत्री घट्ट बांधणें, हें परोपकाराचें नव्हे, तर साध्या कर्तव्याचें काम आहे.