लेण्यातील हिशेब आणि पूर्ण संख्यांचे नियम

गणिताचे नियम पाठ करून गुण मिळतात. परंतु ते नियम खरे का आहेत हे उमगले की माणूस हिशेबात कोणाचा मिंधा राहत नाही. हा भेद समजण्यासाठी नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेण्यांकडे वळू.

तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट होती. पहिल्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे होते.

हिशेब जुळतो का ते पाहू. २००० वर दरमहा २० मिळतात, म्हणून वर्षाचे २० × १२ = २४०. वाटप १२ × २० = २४०. रक्कम येते ती वीसवीसच्या बारा हप्त्यांनी, जाते ती बाराबाराच्या वीस वाट्यांनी. तरी बेरीज एकच. २० ओळींत १२-१२ खडे मांडून बाजूने पाहिले, तर १२ ओळींत २०-२० दिसतात. खडे तेवढेच राहतात. हीच गुणाकाराची क्रमनिरपेक्षता.

दुसरी ठेव १००० ची, म्हणजे १० शेकडे. दरमहा १० × पाऊण = साडेसात; वर्षाचे साडेसात × १२ = ९०. हाच हिशेब दुसऱ्या रीतीने करू. एका शेकड्याला वर्षाचे पाऊण × १२ = ९; मग ९ × १० = ९०. गट बदलले, उत्तर बदलले नाही. हे साहचर्य; शिवाय अपूर्णांकाची अडचणही टळली. शिलालेखातील ‘पायून’ हाच आपल्या पाऊणकीतला ‘पाऊण’ होय.

तिसरा नियम वितरणाचा. समजा, पाचोऱ्याच्या बाजारात प्रत्येकी ४८ किलोची कापसाची १८ गाठोडी आली. ४८ म्हणजे ५० उणे २. म्हणून १८ × ५० = ९०० मधून १८ × २ = ३६ वजा केले की ८६४ किलो. कागदाची गरज पडत नाही.

बेरीज व गुणाकार करताना पूर्ण संख्यांतून बाहेर पडावे लागत नाही. वजाबाकीत तसे नाही. ५ − ३ = २, पण ३ − ५ चे उत्तर पूर्ण संख्यांत नाही. तेथे ‘ऋण’ संख्या लागते, आणि ऋण म्हणजे कर्ज! भागाकारही असाच: ७ ÷ २ पूर्ण संख्या देत नाही. शून्य मिळवल्याने किंवा एकने गुणल्याने संख्या तशीच राहते. शून्याने मात्र भागता येत नाही. या शून्याच्या गणिताचा विचार भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात केला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने आपल्या शेजारच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे मठ स्थापिल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. विद्येचे निवासी केंद्र खानदेशाला नवे नाही.

तथापि ती विद्या सर्वांसाठी खुली नव्हती. अक्षर व अंक न कळल्याने शेतकरी कसा नागवला जातो, हे महात्मा फुले यांनी सांगितले. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध करून अर्थशास्त्रातील आपला अधिकार सिद्ध केला. म्हणून पालकांस विनंती की, मुलाला उत्तर विचारून थांबू नये. ‘हे असे का?’ आणि ‘दुसऱ्या रीतीने करून दाखव’ असेही म्हणावे. तथागतांनी स्वतः पारखून स्वीकारण्याची शिकवण दिली. दोन वाटांनी एकच उत्तर काढून पाहणे हा त्या पारखण्याचा पहिला पाठ आहे, आणि तो कोणत्याही वसतिगृहाच्या ओट्यावर मूठभर खड्यांनी घेता येतो.