आदिगंगेचा गाळ उपसल्यावर तळातल्या जिवांचं काय होतं?

प्रश्न : कालीघाटाला दर्शनाला गेलं की जवळच आदिगंगा दिसते. पाणी काळंकुट्ट, नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभं राहवत नाही. गाळ काढून तिला पुन्हा वाहती करणार, असं ऐकतो. गाळ काढल्यावर मासे, गोगलगाई परत येतात का? की उपसताना आहेत तेवढेही जीव मरतात?
— एक वाचक, हाजरा रोड, कोलकाता

उत्तर : उपसताना आहेत ते जीव जातात, हे खरंच. नवे येतील की नाही, ते मात्र गाळ काढण्याआधी आणि नंतर काय करता यावर ठरतं.

आधी तळात आज कोण राहतं ते पाहू. सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मग गाळातल्या लोहाची गंधकाशी संयुगं होतात, म्हणून तो काळा पडतो, आणि हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा गाळात तग धरतात ते ट्युबिफेक्स, म्हणजे गांडुळाचेच दोऱ्याएवढे बारीक, लाल भाऊबंद. डोकं गाळात खुपसून शेपटी वर पाण्यात हलवत राहायचं, ही त्यांची श्वास घ्यायची रीत. रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे अगदी थोड्या प्राणवायूवर त्यांचं भागतं. गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात मत्स्यटाकीसाठी जिवंत खाद्य विकत घेतलंत, तर याच किड्यांचा वळवळणारा लाल पुंजका हातात पडेल. ते खूप दिसले म्हणजे नदी समृद्ध आहे असं नव्हे. बाकीचे गेले, एवढाच त्याचा अर्थ.

बहुतेक तळजीव गाळाच्या वरच्या काही इंचांतच राहतात. यंत्राने सरसकट उपसा केला की तो थर पुरा जातो. मात्र मोकळा तळ फार काळ रिकामा राहत नाही. कीटक उडत येऊन अंडी घालतात, काही जीव प्रवाहाबरोबर वाहत येतात. आदिगंगेत हुगळीची भरती शिरते, तिच्याबरोबरही जीव येऊ शकतात. पण सांडपाणी सुरूच असेल तर पहिल्यांदा स्थिरावतात ते पुन्हा ट्युबिफेक्सच. शिवाय भरती नवा गाळ आणते आणि टॉलीगंज ते गरिया मार्गावर पात्रात उभ्या असलेल्या मेट्रोच्या सुमारे 300 खांबांशी प्रवाह मंदावून तो साचतो. म्हणजे दर काही वर्षांनी उपसा, आणि दर वेळी जिवांची पाटी कोरी.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नाले अडवायचे. 2023 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियानाने आदिगंगेसाठी सुमारे 650 कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला, त्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रंही आहेत. ती आधी चालू व्हायला हवीत. मग गाळ टप्प्याटप्प्याने काढायचा, मधले पट्टे न छेडता ठेवायचे, म्हणजे तिथले जीव शेजारी पसरतात. काठ सिमेंटने बांधून काढायचे नाहीत. चतुराची अळी पाण्यात वाढते आणि पंख फुटायच्या वेळी गवताच्या किंवा लव्हाळ्याच्या काडीवर चढून कात टाकते. गुळगुळीत उभ्या भिंतीवर तिला तसा आधार मिळत नाही.

नदी सुधारल्याची खूण म्हणून डोंगरी ओढ्यातल्या, दगडांखाली राहणाऱ्या अळ्यांची अपेक्षा इथे करू नका. हा मैदानी, चिखलाचा तळ आहे. इथली कसोटी वेगळी : चतुर, शिंपले आणि गुगली. गुगली ही बंगालच्या तळ्यांतली गोगलगाय, बाजारात विकली जाते आणि रस्सा करून खाल्ली जाते. नदी सुधारली तरी ती लगेच ताटात घेऊ नका. गाळातले जड धातू अशा जिवांच्या अंगात साठतात.

गाळ किती टन निघाला, हा आकडा ठेकेदाराच्या बिलासाठी ठीक आहे. नदीसाठी उपशाआधी आणि नंतर तळातल्या जिवांची मोजणी हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तळजीवांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत आहे, आणि 1916 साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय तुमच्याच शहरात आहे. तेव्हा अशी मोजणी झाली का, एवढं महापालिकेला लेखी विचारा.